योद्धा मोठा की जादूगार?

लांजीचा जुना किल्ला कल्पनेत सर करायला चौघे मित्र टेबलाभोवती बसलेत. कोणी योद्धा, कोणी जादूगार. वार लागला की हुकला, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या १९७४ च्या अमेरिकी खेळाने ही पद्धत रुजवली. त्यात सुरुवातीला योद्धा, जादूगार आणि धर्मोपासक असे तीनच वर्ग होते. चोर १९७५ मध्ये आला.

वाद जुनाच आहे. पातळी वाढते तसे जादूगाराचे मंत्र संख्येने वाढतात आणि जबरही होतात. योद्धा मात्र तलवारच फिरवत राहतो. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने सगळ्यांच्या शक्ती एका साच्यात बसवल्या. समतोल साधला, पण पात्रं एकसारखी वाटू लागल्याची तक्रार झाली. ती मला पटते. जादूगाराचे पंख छाटण्यापेक्षा योद्ध्याला ढकलणं, अडवणं, साथीदाराला वाचवणं असे डावपेच द्यावेत.