मालमोटारीतील मुक्कामासाठी दुसरी बॅटरी

मुंबई-आग्रा व सुरत-नागपूर हे महामार्ग धुळ्यास एकमेकांस छेदतात. या मार्गांनी कांदा, मिरची घेऊन निघालेल्या शेतकऱ्यास पुष्कळदा बाजाराच्या आवारात गाडीतच रात्र काढावी लागते. दिवा व पंखा रात्रभर गाडीच्याच बॅटरीवर चालविल्यास पहाटे इंजिन सुरू न होण्याचा व माल अडकून पडण्याचा धोका असतो. याकरिता दुसरी बॅटरी स्वतंत्र ठेवणे इष्ट होय.

तिचे माप हिशेबाने ठरवावे. १८ वॅटचे दिवे व २४ वॅटचा पंखा मिळून १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअर प्रवाह घेतात. १० तासांस ३५ अँपिअर-तास लागतात. शिशाची बॅटरी वारंवार निम्म्याहून अधिक उतरविल्यास तिचे आयुष्य घटते. तेव्हा ८० ते १०० अँपिअर-तासांची घ्यावी.

इंजिन चालू असतानाच दोन्ही बॅटऱ्या जोडील असा रिले मध्ये बसवावा. जोडतारेस दोन्ही बॅटऱ्यांच्या धन टोकांजवळ फ्यूज अवश्य असावा. तार घासून चेसिसला टेकल्यास फ्यूजविना आग लागते. पैसे वाचविण्याची ही जागा नव्हे.

मोठ्या मालमोटारींत बहुधा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. त्यांपैकी एकीवरूनच दिवा घेण्याची युक्ती वाईट. एक उतरते व दुसरी अतिभारित होते. तेथे २४ व्होल्टचेच दिवे वापरावेत.

भरताना पाण्याच्या बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो, म्हणून ती झोपण्याच्या जागी ठेवू नये. खानदेशच्या उन्हाळ्यात तिचे पाणी लवकर आटते. दर आठवड्यास पाहून शुद्ध ऊर्ध्वपातित पाणीच घालावे. विहिरीचे क्षारयुक्त पाणी चालत नाही.