जुनापाणीची शिलावर्तुळे : एका दिवसाची सहल

दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हा भरल्या की सहलींचा विचार सुरू होतो. आपल्या भागातील शाळांच्या सहली बहुधा ठरलेल्या असतात. मार्कंडा, भद्रावतीची लेणी, आनंदवन, चंद्रपूरचा परकोट आणि साधल्यास ताडोबा. ही स्थळे उत्तमच आहेत. परंतु वरोरा, चिमूर, भद्रावती या बाजूच्या ज्या शाळांना पहाटे निघून रात्रीपर्यंत परत येणे शक्य आहे, त्यांच्यासाठी आणखी एक स्थळ सुचवावे असे मनात आहे. तेथे देऊळ नाही, शिखर नाही, लेख कोरलेली शिळाही नाही. माळावर दगडांची वर्तुळे आहेत, एवढेच. शिक्षकाची तयारी नसेल तर मुले पंधरा मिनिटांत कंटाळतील आणि डबे उघडू लागतील. म्हणूनच हे थोडे विस्ताराने लिहीत आहे.

नागपूरच्या पश्चिमेस, काटोल रस्त्याच्या बाजूला, शहरापासून सुमारे 10-12 किलोमीटरांवर जुनापाणी हे ठिकाण आहे. येथे सुमारे 300 शिलावर्तुळे आहेत. रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1867 साली यांपैकी काही वर्तुळे उकरून पाहिली आणि 1879 साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे 1961-62 मध्ये भारतीय पुरातत्त्व विभागाचे बी. के. थापर यांनी तीन वर्तुळांचे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. ही वर्तुळे म्हणजे पुरातन माणसांच्या दफनाच्या जागा होत. मोठमोठ्या पाषाणांनी दफनस्थान आखण्याच्या या रीतीवरून त्या काळाला महापाषाणकाल किंवा बृहदश्मकाल असे नाव पडले. विदर्भात हा काल ढोबळमानाने इसवी सनापूर्वी 1000 ते 300 असा धरतात. लोखंडाचा वापर आपल्या प्रदेशात रुजला तो याच लोकांच्या हातून.

वर्तुळाची रचना मुलांना आधी फळ्यावर समजावून द्यावी. बाहेरच्या कडेला काळ्या पाषाणाचे मोठे धोंडे एकमेकांना लागून बसविलेले असतात. आत माती व लहान दगडगोटे यांची भर घातलेली असते, त्यामुळे मध्यभाग किंचित उंच दिसतो. त्या भरीखाली मृताचे अवशेष आणि त्याच्यासोबत ठेवलेल्या वस्तू असतात. पुष्कळ ठिकाणी संपूर्ण देह पुरलेला नसून, इतरत्र ठेवलेल्या देहाची मागे राहिलेली हाडे गोळा करून ती येथे आणलेली दिसतात. अरबस्तानातील बहरैन बेटावर कोरड्या वाळवंटी भूमीत पुरातन थडग्यांचे हजारो उंचवटे आहेत आणि 2019 साली त्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. आपल्याकडील पावसात हाडे नीट टिकत नाहीत. म्हणून आपल्याकडे हाडे तुकड्यांच्याच रूपाने हाती येतात, आणि मडकी, लोखंड व मणी यांवरून माणसाचा अंदाज बांधावा लागतो.

आत काय सापडते? काळ्या-तांबड्या रंगाची भांडी, लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर, तांब्याची कडी, अकीक दगडाचे मणी. नागपूरजवळच्याच माहूरझरी येथे 1970 ते 1972 या काळात डॉ. शां. भा. देव यांनी केलेल्या उत्खननात माणसांबरोबर पुरलेले घोडे आणि घोड्याच्या मुखावरील तांब्याचे अलंकार मिळाले. पेंच नदीच्या काठी नायकुंड येथे तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. मुलांना हे सांगताना एक गोष्ट आवर्जून सांगावी. या लोकांची राहण्याची गावे फार थोडी सापडली आहेत आणि दफनस्थाने शेकड्यांनी. मातीकुडाची घरे मातीत मिळाली. मृतांसाठी मात्र दगड वापरला, आणि तो राहिला.

आता प्रत्यक्ष स्थळावर काय करावयाचे ते पाहू. प्रत्येक गटाला एक दोरी, मोजपट्टी, वही आणि होकायंत्र द्यावे. होकायंत्र नसल्यास काठीच्या सावलीवरून दिशा काढण्यास सांगावे, ते अधिक बरे. एका गटाला एकच वर्तुळ द्यावे. त्याचा व्यास मोजावा, कडेचे धोंडे मोजावेत आणि नकाशा काढावा. समजा व्यास 12 मीटर निघाला. मग परीघ सुमारे 37.7 मीटर येतो. प्रत्येक धोंडा मीटरभर लांबीचा धरला तर कडेला 37 धोंडे लागतील. एक धोंडा 1 मीटर लांब, 60 सेंटिमीटर रुंद व 50 सेंटिमीटर जाड असेल तर त्याचे घनफळ 0.3 घनमीटर. काळ्या पाषाणाचे वजन घनमीटरला सुमारे 2,900 किलो धरल्यास हा एक धोंडा 870 किलोंचा, म्हणजे जवळजवळ पावणेनऊ क्विंटलांचा भरतो. धानाचे एक पोते उचलताना घरची माणसे कशी वाकतात हे आपल्या मुलांनी पाहिलेले असते. हा हिशेब झाल्यावर शिक्षकाने गप्प बसावे. ‘गुरुजी, हे एका घराचे काम नाही,’ असे कोणीतरी मूल म्हणतेच. पुस्तकातील ‘समाज’ या शब्दाची व्याख्या पाठ करविण्यापेक्षा हे उत्तर मला अधिक मोलाचे वाटते.

काही धोंड्यांवर वाटीसारखे लहान खड्डे कोरलेले आहेत, ते तिरप्या उन्हात चांगले दिसतात. म्हणून सकाळी लवकर पोहोचावे. असेच खड्डे इंग्लंड-स्कॉटलंडकडील पाषाणांवरही आहेत, याकडे रिव्हेट-कार्नाकचे लक्ष गेले होते. अलीकडे काही संशोधकांनी या खड्ड्यांच्या मांडणीचा दिशांशी व आकाशातील ज्योतींशी संबंध असावा असा तर्क मांडला आहे. तर्क हा तर्क म्हणूनच सांगावा. मुलांनी खड्डे मोजावेत, दिशा टिपावी, आणि आपले अनुमान वेगळ्या रकान्यात लिहावे.

आता एका चुकीविषयी. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी, मी वर्गशिक्षक असताना, अशाच एका माळावर मुलांना घेऊन गेलो होतो. मुलांनी खापराचे तुकडे व दोन मणी वेचले. मला त्यांचे कौतुक वाटले. ते सर्व रुमालात बांधून शाळेच्या कपाटात ठेवले आणि चिठ्ठी लावली, ‘प्राचीन वस्तू’. काही वर्षांनी एका जाणकाराने विचारले, ‘कोणत्या वर्तुळातील? कोणत्या बाजूस? किती खोलीवर?’ यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. जागेवरून हललेला मणी हा नुसता मणी उरतो. तो कोणाचा, कोणाबरोबर ठेवलेला, हे कळण्याची वाट आम्ही त्या दुपारी हौसेने बंद केली. यास्तव सांगणे असे की, काहीही उचलू नये, उकरू तर नयेच. संरक्षित स्थळी विनापरवाना खोदकाम हा 1958 च्या कायद्यान्वये गुन्हा आहे. आपल्या स्वतःच्या गावी नांगरताना वा पाया खणताना जुनी वस्तू निघाली तर, तिची किंमत 10 रुपयांहून अधिक असल्यास, जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे 1878 च्या निखात निधी अधिनियमानुसार बंधनकारक आहे. पुष्कळ गावकऱ्यांना हे ठाऊक नसते, ते मुलांकरवी घरोघर पोहोचू शकते.

त्याच सहलीतील दुसरी गोष्ट याहून मनाला लागलेली आहे. भामरागडकडची एक माडिया मुलगी आमच्या शाळेत शिकत होती. मी वर्तुळाविषयी सांगत असता ती म्हणाली, ‘गुरुजी, आमच्याकडे पण मेलेल्या माणसासाठी दगड उभा करतात.’ मी घाईत होतो. ‘ते वेगळे, हे इतिहासातले आहे,’ असे म्हणून पुढे चालू लागलो. ती पुन्हा काही बोलली नाही. मृतासाठी दगड वा लाकडी खांब उभारण्याची चाल आपल्या व शेजारच्या बस्तरच्या वनप्रदेशातील माडिया समाजात चालत आलेली आहे, आणि महापाषाण संस्कृतीचा अभ्यास करणारे विद्वान मुद्दाम तेथे जाऊन ती चाल समजावून घेतात, हे मला फार नंतर वाचावयास मिळाले. दगड कोण आणतो, केव्हा आणतो, जेवण कोण घालतो, हे सर्व त्या दहा वर्षांच्या मुलीला ठाऊक असणार. जुनापाणीचे लोक हे माडियांचेच पूर्वज असे मात्र कोणी मुलांना सांगू नये, त्याला आधार नाही. चालीत साम्य आहे, एवढेच म्हणावे. परंतु अशा घरचे मूल वर्गात असेल तर त्या दिवशी त्याला बोलू द्यावे आणि इतरांनी ऐकावे. त्या घरच्या मृतांचा तो विषय असल्याने त्याची थट्टा होणार नाही याची काळजी शिक्षकाने आधीच घ्यावी. भुताखेतांच्या गोष्टीही निघतील. त्यांवर रागावू नये, पण त्यांत भरही घालू नये.

ज्यांना नागपूरपर्यंत जाणे परवडत नाही त्यांनी निराश होऊ नये. चिमूर तालुक्यातील हिरापूर येथे मोठ्या शिळा उभ्या करून वर आडवी शिळा टाकलेले त्याच परंपरेतील शिलाकक्ष आहेत. जवळच्या शाळांस ही अर्ध्या दिवसाची पायी सहल होईल.

व्यवस्थेविषयी थोडेसे. डिसेंबर-जानेवारी हाच काळ योग्य. माळावर सावली नाही, पाणी सोबत न्यावे. गवतात काटे व क्वचित साप असतात, म्हणून पायांत चपला-बूट हवेतच. धोंड्यांवर चढू देऊ नये, आणि खडूने नावे तर मुळीच लिहू देऊ नयेत. पालकांची लेखी संमती व मुख्याध्यापकांची परवानगी यांविना गाडी हलवू नये. दुपारी नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात जाता येते. 1863 साली स्थापन झालेल्या या संग्रहालयास लोक अजब बंगला म्हणतात. ते त्या दिवशी उघडे आहे की नाही याची आधी चौकशी करावी, नाही तर मुलांचा हिरमोड होतो.

परतल्यावर दुसऱ्या दिवशी निबंध लिहून घेण्याची आपली जुनी पद्धत आहे. त्याऐवजी सर्व गटांचे नकाशे एकाच मापाने मोठ्या कागदावर उतरवून भिंतीवर लावावेत. ज्या केंद्रांच्या शाळा यंदा जातील त्यांनी त्या नकाशांची एक प्रत पंचायत समितीच्या शिक्षण विभागाकडे पाठवावी. पुढच्या वर्षी जाणाऱ्या मुलांना तीच वर्तुळे पुन्हा मोजता येतील, आणि एखादा धोंडा जागेवरून हलला असेल तर तोही ध्यानात येईल.