पद्मिनीला घाट चढेल का?

मुंबई-पुणे म्हटलं की आपल्याला एक्स्प्रेस वेच आठवतो. पण गाडी जुनी असेल, तर मजा जुन्या हायवेलाच. आम्ही सहा जण निघालो, एक अ‍ॅम्बेसेडर आणि एक प्रीमियर पद्मिनी घेऊन. पद्मिनी मित्राच्या आजोबांची. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगपाशी. रजिस्ट्रेशनची मुदत संपत आलेली आणि घरात वाद : ठेवायची की भंगारात द्यायची?

पन्नाशीच्या आतली गाडी कायद्याने 'व्हिंटेज' ठरत नाही. १५ वर्षांनंतर फिटनेस तपासून दर ५ वर्षांनी रजिस्ट्रेशन वाढवायचं, पर्यावरण कर वेगळा.

खोपोली सोडली आणि खरा खेळ सुरू झाला. हा घाटरस्ता १८३० चा, म्हणजे रेल्वेच्याही आधीचा. अ‍ॅम्बेसेडर हत्तीसारखी निवांत चढत होती. पद्मिनीत मात्र एसी नाही, काचा खाली आणि सगळ्यांचे डोळे टेम्परेचरच्या काट्यावर. काटा वर गेला की गाडी बाजूला घ्यायची, बॉनेट उघडायचं आणि गप्प बसायचं. गरम रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं!

असाच एक हॉल्ट शिंग्रोबाच्या देवळापाशी झाला. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं हे देऊळ, अशी आख्यायिका. ट्रकवाले इथे नाणं टाकतात. आम्हीही टाकलं, गरज आम्हालाच जास्त होती.

लोणावळ्यात चहा घेताना मित्राच्या बाबांचा फोन आला.

"चढली?"

"चढली."

"मग सोमवारी फिटनेसला नेऊ."