आवाजानं काढलेलं चित्र

वेळणेश्वरच्या किनाऱ्यावर गेलात तर लाटांकडे जरा नीट बघा. परत फिरणारी लाट आणि समोरून येणारी लाट एकमेकींना भिडतात. उंचवट्यावर उंचवटा आला की पाणी उसळतं, उंचवट्यावर खळगा आला की क्षणभर सपाट होतं. होलोग्रामचं गणित याच भेटीवर उभं आहे.

होलोग्राम म्हटलं की आपल्याला लेझर आठवतो, नाहीतर एटीएम कार्डावरचं चमचमतं चित्र. पण डेनिस गॅबोर यांनी १९४७ मध्ये शोधलेली ही युक्ती (तिच्यासाठी त्यांना १९७१ चं नोबेल मिळालं) फक्त प्रकाशापुरती नाही. साध्या फोटोत लाट किती जोराची होती एवढंच उतरतं. होलोग्राममध्ये ती नेमक्या कुठल्या टप्प्यावर होती, हेही नोंदलं जातं. म्हणून वस्तूची खोली कळते. आणि आवाज? तोही लाटच की!

उलट काही ठिकाणी आवाजच भारी पडतो. गढूळ पाण्यात कॅमेरा आंधळा होतो, पण बोटीवरच्या फिश फाइंडरला मासे दिसतात. सोनोग्राफीत पोटातलं बाळ दिसतं, तेही आवाजामुळेच.

२०१६ मध्ये जर्मनीतल्या मॅक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी पुढचं पाऊल टाकलं. त्यांनी थ्री-डी प्रिंटरवर प्लॅस्टिकची एक चकती बनवली. जाडी जागोजागी वेगळी, त्यामुळे तिच्यातून जाणारी लाट कुठे आधी पोचते, कुठे उशिरा. पलीकडे पाण्यात या लाटा अशा जुळल्या, की तरंगणारे बारीक कण आपोआप पिकासोच्या कबुतराच्या आकारात गोळा झाले. पुढे याच पद्धतीनं जिवंत पेशीही हव्या त्या आकारात जमवण्याचे प्रयोग झाले.

२०१९ मध्ये ब्रिटनच्या ससेक्स विद्यापीठात रियुजी हिरायामा, श्रीराम सुब्रमणियन आणि सहकाऱ्यांनी हवेतच फुलपाखरू काढलं. वर २५६ आणि खाली २५६ छोटे स्पीकर. मध्ये थर्माकोलचा २ मिलिमीटरचा मणी, त्यावर रंगीत प्रकाश. दिवाळीत फुलबाजी गरागरा फिरवली की आगीचं कडं दिसतं ना? तसंच. मणी इतक्या वेगानं फिरतो, की डोळ्यांना अख्खा आकार दिसतो. काटेकोर बोलायचं तर रंग प्रकाशाचा, पण कुंचला आवाजाचा.

हे सगळं परदेशी लॅबचं, आपला काय संबंध, असं वाटतंय? थांबा. हवेतल्या या प्रयोगांत बहुधा ४० किलोहर्ट्झचा आवाज वापरतात. आपल्याला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतच ऐकू येतं, त्यामुळे तो कानाला कळत नाही. त्याची एक लाट जेमतेम साडेआठ मिलिमीटरची. रोबोटिक्स किटमधला अंतर मोजणारा सेन्सर याच कंपनसंख्येवर चालतो. ब्रिस्टल विद्यापीठात आसिएर मार्झो यांच्या चमूनं २०१७ मध्ये अशा ७२ ट्रान्सड्यूसरांचं ‘टायनीलेव्ह’ हे यंत्र तयार केलं आणि त्याचा आराखडा सगळ्यांसाठी खुला ठेवला. त्याला चालवतो एक साधा आर्डुइनो.

वेळणेश्वरातच महर्षी परशुराम अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथे शिकत असाल किंवा दुसऱ्या कुठल्याही कॉलेजात, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट विकत आणण्यापेक्षा हे करून बघा. फक्त चालू यंत्राला कान लावू नका.

आणि मणी टिकत नसेल तर आधी पोलॅरिटी तपासा. काही ट्रान्सड्यूसर उलटे लागले असतील, तर बाकीच्यांचा उंचवटा येतो तिथेच त्यांचा खळगा पडतो.