जाड झालेल्या बोक्याला उपाशी ठेवू नका

गंगाखेड : दूध-भाकरी खाऊन बोका गुबगुबीत झाला की उंदराकडं बघतही नाही. मग ‘दोन दिवस उपाशी ठेवा, आपोआप शिकार करेल’ असा सल्ला हमखास मिळतो. तो धोक्याचा आहे. जाड मांजरानं दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही, तर अंगातली चरबी यकृतात साठते, कावीळ होते अन् जीवही जाऊ शकतो.

आपल्याकडचं गावठी मांजर साधारण ३ ते ५ किलोचं असतं. काटा नसला तरी चालतं; बरगड्या हाताला लागत नसतील, तर वजन वाढलंय समजा. दूध-भाकरी हळूहळू कमी करून उकडलेलं अंडं, बिनकाट्याची मासळी मोजकी द्या. खाणंच सोडलं तर मात्र थांबू नका, जनावरांच्या दवाखान्यात न्या. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे.