मल्लेश्वरमचा खडक वाचताना

बेंगळुरूला आलेला मराठी पाहुणा लालबाग, विधानसौध, बसवनगुडीचा नंदी एवढे पाहून परततो. त्याला मी आग्रहाने मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वराला नेतो. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ एकोजीराजे यांनी 1669 मध्ये या देवाला मेदरनिंगनहळ्ळी गाव दान दिले, आणि ते दान जवळच खडकावर कोरलेले आहे. तेही कन्नडमध्ये. शहाजीराजांच्या पश्चातही बंगळूरचा कारभार भोसल्यांकडे होता. पण लेख रयतेच्या भाषेत आहे, हे मला मोलाचे वाटते.

मात्र पाहायला सकाळी लवकर जावे. ऊन डोक्यावर आले की खाचांत सावली उरत नाही आणि खडक नुसताच खडक दिसतो. तिरप्या उजेडात तीच अक्षरे उठून दिसतात.

शिलालेखाचा ठसा घेणाराही आधी दगडाशीच बसतो. मऊ कुंचल्याने माती-शेवाळ काढायचे, पाण्याने धुवायचे, मग ओला कागद सुरकुती न पडू देता पसरायचा. दाट केसांच्या ब्रशने तो मधून कडेकडे ठोकत न्यायचा, म्हणजे कागद प्रत्येक खाचेत शिरतो. हात जड पडला तर कागद फाटतो, हलका पडला तर वेलांट्या बुजतात. कागद थोडा सुकला की कापडी बोळ्याने शाई टिपायची. सपाट भाग काळा होतो, अक्षरे पांढरी राहतात. चीन-जपानातही दगडी लेखांचे ठसे साधारण याच रीतीने घेतात.

शिलालेखांचे अभ्यासक बी. एल. राइस यांनी बेंगळुरू जिल्ह्यातले लेख 1905 मध्ये ग्रंथरूपाने छापले. त्यानंतर शहर वाढले आणि त्यांतले कितीतरी दगड घरांखाली, रस्त्यांखाली गेले. काही ठिकाणी भक्तिभावाने ऑइलपेंट फासतात. रंग खाचांत भरला की लेख आंधळा होतो. कृपा करून असे करू नये, कुणी करत असेल तर थांबवावे.

म्हणून बेंगळुरूतल्या मिथिक सोसायटी या संस्थेने 2021 पासून चालवलेले शिलालेखांचे त्रिमितीय स्कॅनिंग मला इतके महत्त्वाचे वाटते. त्यात दगडाला कागद, शाई काहीच लागत नाही. पडद्यावर उजेड हव्या त्या बाजूने पाडून झिजलेली ओळ पुन्हा वाचता येते, राइस यांच्या वाचनाशी ताडून पाहता येते, आणि चुकलेले अक्षर दुरुस्तही करता येते.