जुन्या बेंचचा जमाखर्च

कडकोळमध्ये लाकूड शोधायला वखारीत जावं लागत नाही. म्हैसूर–नंजनगूड रस्त्यावरचं हे गाव. एका अंगाला औद्योगिक वसाहत, जवळच ब्याताहळ्ळीला टीव्हीएसचा दुचाकींचा कारखाना, पुढे नंजनगूडच्या दिशेने आणखी कारखाने. यंत्रं आणि सुटे भाग खोक्यांतून येतात, खोकी मागे उरतात, आणि भंगारवाल्याच्या आवारात पाइनच्या पट्ट्यांचे ढीग लागतात. माझ्या शेडमधल्या सुतारकामाच्या बेंचचा निम्म्याहून अधिक भाग या ढिगांतून आला आहे.

2012 साली हे घर घेतलं तेव्हा आधीच्या मालकाने तो बेंच शेडमध्येच सोडला होता. खरं तर ते एक उंच टेबल होतं. वर जुन्या दाराची फळी, खाली चार किडकिडीत पाय, जोडायला खिळे. कुंड्या ठेवायला उत्तम, पण रंधा मारायला घेतला की टेबलच पुढे निघायचं.

आमच्या सांगलीकडच्या सुताराला असल्या टेबलाची गरज कधी पडली नाही. तो अंगणात बसायचा, पायाने फळी दाबून धरायचा, समोर ओंडक्याचा ठोकळा आणि हातात वाकस. जमीन हाच त्याचा बेंच, आणि जमीन हलत नाही. उभं राहून काम करायची रीत युरोपातली. आंद्रे-जाकोब रूबो या फ्रेंच सुताराने 1769 पासून सुतारकामावर जो मोठा ग्रंथ छापला, त्यात बेंचची फळी पाच-सहा इंच जाड सांगितली आहे. एवढी जाडी कशाला, असं आज वाटतं. पण उभ्या माणसाला जमिनीचा भक्कमपणा कमरेच्या उंचीवर हवा असेल, तर तो वजनातून आणि जाडीतूनच मिळवावा लागतो. हौशी माणूस बेंच सुधारायला निघाला की आधी वरची फळी बदलतो, कारण ती डोळ्यांपुढे असते. मी पायांपासून सुरुवात केली आणि या सगळ्या वर्षांत त्याहून किफायतशीर काम दुसरं झालं नाही.

रंधा ढकलताना जोर आडवा लागतो. मग पाय आणि फळी यांचा चौकोन एका बाजूला झुकतो. चौकोनाचा हा स्वभावच आहे. त्रिकोण मात्र झुकत नाही, आणि सबंध पत्राही झुकत नाही. म्हणून खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, चारही बाजूंना रुंद पट्ट्या बसवल्या आणि मागची पूर्ण बाजू 18 मिलिमीटरच्या प्लायने बंद केली. प्लाय म्हणजे एका किचन ट्रॉलीवाल्याकडचे उरलेले तुकडे. खिळ्यांच्या जागी नट-बोल्ट घातले. उन्हाळ्यात लाकूड आखडलं की बोल्ट पुन्हा आवळता येतो, खिळ्याला ती सोय नाही.

वजनाचा प्रश्न चामराजनगरने सोडवला. काळ्या ग्रॅनाइटचा तो जिल्हा, आणि ग्रॅनाइट कापणाऱ्यांकडे कडेच्या कपच्या पडून असतात. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि 20 मिलिमीटर जाडीची एक लादी साधारण अकरा किलोची भरते. खालच्या पट्ट्यांवर फळ्या टाकून अशा चार लाद्या ठेवल्या. बेंच त्या दिवसापासून जागचा हललेला नाही. दगडाला पैसे पडले नाहीत, रिक्षाला पडले.

पुढचा मोठा खर्च 2015 सालचा: सुतारी व्हाइस. जालंधरला हातअवजारांचा मोठा धंदा आहे, तिथला ओतीव लोखंडाचा सात इंची व्हाइस म्हैसूरच्या दुकानातून आणला. इथे मात्र काटकसर केली नाही आणि कोणी करूही नये. फळी सपाट करता येते, पाय नंतर बदलता येतात, पण जबडा समांतर बंद होत नसेल तर त्यात धरलेलं काम प्रत्येक करवतीच्या फेऱ्याला सरकतं आणि माणूस स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. लोखंडी जबड्यांना आतून लाकडी गाल लावले की कामावर वळ उठत नाहीत.

मधली काही वर्षं बेंचवर काम झालं, बेंचचं काही झालं नाही. सल्ले मात्र भरपूर आले. म्हैसूर म्हटलं की लोकांना शिसव आणि त्यावरचं जडावकाम आठवतं, तेव्हा बेंचला शिसवीची फळी टाक असंही सांगणारे भेटले. 2017 पासून शिसवीच्या सगळ्या जाती साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या व्यापारयादीत आहेत, ते एक असो. पण मुळात बेंच हा मार खाण्यासाठी असतो. पटाशी घसरली तर खड्डा बेंचला पडावा, कामाला नव्हे, म्हणून तो कामापेक्षा मऊ असलेलाच बरा. दुसरा सल्ला रेल्वेच्या जुन्या स्लीपरचा. इथली मीटरगेज लाइन रुंद झाली तेव्हा लाकडी स्लीपर निघाले होते, ते जाड आणि स्वस्त खरे. पण स्लीपरना टिकण्यासाठी क्रिओसोट पाजलेलं असतं आणि त्यांच्या अंगात खडी रुतलेली असते. पहिल्याने माणसाची फुप्फुसं जातात, दुसरीने रंध्याचं पातं.

वरची फळी बदलायला 2020 चं टाळेबंदीचं वर्ष उजाडावं लागलं. टाळेबंदी सैल झाल्यावर खोक्यांचे जाड दांडे आणले आणि उभ्या अंगाने एकमेकांना चिकटवून तीन इंच जाडीची फळी केली. खोक्याचं लाकूड निवडताना शिक्का वाचायचा. परदेशी मालाच्या खोक्यांवर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह आणि शेजारी दोन अक्षरं असतात. एचटी असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला किमान अर्धा तास तापवलेलं असतं, कीड मारण्यासाठी. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. मी एचटीच घेतलं. तापवलेलं म्हणजे वाळलेलं नव्हे, त्यामुळे दांड्यांच्या मध्ये चिपा घालून थर रचले आणि पावसाळा संपेपर्यंत शेडमध्ये तसेच राहू दिले.

चिकटवायला लांब क्लॅम्प लागतात आणि ते महाग. त्यावर आपल्याकडचा जुना तोडगा म्हणजे पाचर. जमिनीवर दोन जाड ओंडके घट्ट बसवायचे, मध्ये फेव्हिकॉल लावलेले दांडे ठेवायचे, आणि उरलेल्या फटीत समोरासमोर दोन पाचरी ठोकायच्या. क्लॅम्पइतकाच दाब मिळतो आणि पाचरी तुकड्यांतूनच निघतात. फळी सपाट करताना दोन सरळ पट्ट्या तिच्या दोन टोकांना आडव्या ठेवून एका रेषेत नजर लावली. पीळ असेल तर लगेच दिसतो. रंधा आधी तिरका, मग सरळ. शेवटी फळी पायांना लांबट भोकांतून स्क्रू घालून धरली, कारण लाकूड रुंदीत फुगतं-आखडतं, आणि घट्ट जखडलं तर ते फाटून मोकळं होतं.

काम अडवून धरणारे हुक बेंचच्या भोकांत बसतात, आणि पाइनमध्ये ती भोकं लवकर ढिली होतात. म्हणून पुढच्या कडेला सिल्व्हर ओकची पट्टी लावली आणि 19 मिलिमीटरची भोकं तिच्यात पाडली. ऑस्ट्रेलियातून आलेलं हे झाड कोडगूच्या कॉफीमळ्यांत सावलीसाठी लावतात, त्यावर मिरीचे वेल चढवतात. म्हैसुरात ते सहज मिळतं. तेल-मेण वगैरे दोन हात दिले, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सगळा खर्च साडेनऊ हजारांच्या आसपास झाला आणि त्यातला सर्वांत मोठा आकडा व्हाइसचा आहे. सर्वांत जास्त घाम वरच्या फळीला लागला आणि कामात सर्वांत कमी फरक तिनेच पाडला. दाराच्या जुन्या फळीवरसुद्धा, पाय भक्कम झाल्यावर, मी माझं बरंचसं काम केलं होतं. तुमच्याकडे असं जुनं टेबल पडून असेल तर नवी फळी शोधायच्या आधी त्याला एकदा आडवं ढकलून बघा. हललं तर पाय बांधा, खाली दगड ठेवा, आणि वाचलेले पैसे व्हाइसमध्ये घाला.